दही की जवस? अंडी महागल्यावर केकसाठी

थंडीत इंदुरात अंडी महागली की घरी केक करणाऱ्यांना दोन सोपे पर्याय आहेत. एका अंड्याऐवजी ६० ग्रॅम दही आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा. नाहीतर १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवून.

स्पंजला दहीच. सोडा दह्याला लागताच बुडबुडे सुटू लागतात, म्हणून ओव्हन आधीच १८० अंशांवर तापलेला हवा. इथेच सगळ्यात जास्त चुकतं: मिश्रण ताटकळलं की केक मधोमध बसतो. दही पातळ असेल तर कापडात टांगा. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

जवस मिश्रण बांधतो, फुगवत नाही. ब्राउनी, कुकीजना उत्तम. स्पंज मात्र चिकट होतो, पांढऱ्या केकमध्ये तपकिरी ठिपकेही दिसतात.