पारदिनी एसपी की वाल्थर जीएसपी: नऊ महिने वापरल्यावर

2018च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक घेतलं तेव्हा मी अकरावीत होते. हाच प्रकार खेळायचा हे तेव्हाच मनाशी ठरलं. एअर पिस्तूलवर काही वर्षं हात बसवला आणि नऊ महिन्यांपूर्वी स्वतःचं पारदिनी एसपी घेतलं.

परवान्याच्या फेऱ्या चालू होत्या तेव्हा क्लबची पारदिनी एसपी आणि वाल्थर जीएसपी ही दोन्ही पिस्तुलं आलटून पालटून चालवली. परवाना येईपर्यंतचे महिने असेच वापरा, हे अगदी मनापासून सांगते. दोन्ही .22 कॅलिबरची, दोन्हींचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे. माहितीपत्रक वाचून काही ठरत नाही.

25 मीटर पिस्तूलचे दोन भाग: सावकाश नेमाचा प्रिसिजन आणि वेगाचा रॅपिड. प्रिसिजनमध्ये तर मला फरकच सापडला नाही. पाच गोळ्यांना पाच मिनिटं असतात, दहाचं वर्तुळ 50 मिलीमीटरचं. उलट जीएसपीचं वजन मला पुढे जाणवायचं, त्यामुळे हात जास्त शांत राहायचा. बरेच जण इथेच निर्णय घेतात. मीही घेणार होते, पण कोच म्हणाल्या, "आधी रॅपिड मार, मग बोल."

रॅपिडमध्ये हात 45 अंशांवर खाली. लक्ष्य तीन सेकंद समोर, तेवढ्यात हात वर आणून एकच गोळी. मग सात सेकंद थांबायचं आणि पुन्हा तेच, असं पाच वेळा. इथे जीएसपी वर यायचं, पण लक्ष्याच्या काळ्या भागावर येऊन थांबायला माझ्या मनगटाला वेळ लागायचा. पारदिनी वर येतानाच पुढची साईट (नेम धरायची खूण) मागच्या साईटच्या खाचेत बसलेली असायची. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. ज्याचं मनगट माझ्यापेक्षा मजबूत आहे त्याचा निकाल वेगळा लागू शकतो. स्टँडर्ड पिस्तूल हा वेगळा प्रकार खेळणाऱ्यांनी मात्र आणखी एक गोष्ट बघावी. तिथे शेवटच्या मालिकांत 10 सेकंदांत पाच गोळ्या असतात. पारदिनीची नळी हाताच्या अगदी लगत, खाली बसते, त्यामुळे धक्क्याने नळीचं तोंड कमी उचललं जातं.

जीएसपीचं एक मला अजूनही आवडतं: ट्रिगरचा अख्खा संच एकदम बाहेर निघतो, साफ करायला फार सोपं. शिवाय त्यावर मोठ्या .32 कॅलिबरचा संचही बसतो, सेंटर फायर हा मोठ्या गोळ्यांचा प्रकार खेळणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग.

सगळ्यात जास्त वेळ ग्रिपने, म्हणजे लाकडी मुठीने खाल्ला. लहान मापाची घेऊनही अंगठ्याच्या मुळाशी पोकळी राहत होती. लाकडाची पुट्टी भरायची, सुकली की पॉलिश पेपरने घासायची, पन्नास गोळ्या मारायच्या, तळव्यावर लाल कुठे झालंय ते बघून पुन्हा घासायचं. दीड महिना हेच चाललं. आता डोळे मिटून हात उचलला तरी साईट सरळ येते.

स्पर्धेत ट्रिगरचा दाब 1000 ग्रॅमच्या खाली चालत नाही. मी 1030 ठेवलाय, म्हणजे तपासणीत ट्रिगरला वजन लावून पिस्तूल उचलताना जीव टांगणीला लागत नाही.

जुलैत एकाच सरावात दोन रिकाम्या पुंगळ्या अडकल्या. उघडून बघितलं तर पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली गोळ्यांचं मेण आणि काजळी यांचा काळा थर. साफसफाई लांबवली होती, चूक माझीच. आता दर 300 गोळ्यांनी टूथब्रशने तेवढी जागा घासते आणि पावसाळ्यात घरी आल्या आल्या तेलाचा हात फिरवते. त्यानंतर आजवर एकही पुंगळी अडकलेली नाही.