दहा दिवस, आठ आठवडे की हात धुण्याएवढा वेळ?

बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलं दरवर्षी मला विचारतात, "मॅडम, ताण हलका करायला विपश्यनेला जाऊ का माइंडफुलनेसचा, म्हणजे मन चालू क्षणावर ठेवायला शिकवणारा कोर्स लावू?" मी उलट विचारते, वॉर्डातलं पोस्टिंग कुठं लागलंय?

विपश्यनेची केंद्रं पुण्यात स्वारगेटला आहेत, आळंदीजवळ मरकळलाही. फी नाही, सगळं जुन्या साधकांच्या दानावर चालतं. होस्टेलवर राहणाऱ्याला हे फार मोठं. पहाटे 4 ला घंटा, दिवसाला दहाएक तास बैठक, मौन, मोबाइल जमा. पण दहा दिवसांचं शिबिर म्हणजे जाऊन-येऊन बारा दिवस, आणि घोडं तिथंच अडतं. नर्सिंग कौन्सिलच्या नियमानं परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलची 100 टक्के. बुडलेली ड्युटी भरून द्यावीच लागते. तेव्हा परीक्षेनंतरची सुट्टी धरा. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर अर्जात लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा कोर्स जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सला, जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सुरू केला. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक अख्खा दिवस, घरी रोज पाऊण तास. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासांत ताण कमी झालेला दिसतो, मात्र बरेच अभ्यास लहान गटांवरचे. मला यातलं आवडतं ते गटातलं बोलणं. वॉर्डात पहिला मृत्यू पाहिलेल्या मुलीला मौनापेक्षा याची गरज जास्त असते. अडचण पैशांची, आणि ड्युटीच्या वेळा बदलत राहण्याचीही: संध्याकाळचा वर्ग इव्हनिंग ड्युटीत हमखास बुडतो. शिवाय तिघींच्या खोलीत पाऊण तास शांतता? एकीचा अलार्म, दुसरीचा व्हिडिओ कॉल!

ध्यानाचं ॲप झोपण्यापूर्वी ठीक. वॉर्डात फोन काढलात तर इन्चार्ज सिस्टर आहेतच.

राहिलं हात धुणं. शिकत असताना एकदा पाच नंबरच्या बेडवरच्या आजोबांच्या मुलाची आरडाओरड डोक्यात घेऊनच मी सहा नंबरचं इंजेक्शन भरायला गेले. ॲम्प्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, बोटातच फुटली. तेव्हापासून दोन पेशंटच्या मधलं हात धुणं मी माझं मानते. साबण-पाण्यानं नीट धुवायला 40 ते 60 सेकंद लागतातच. तेवढा वेळ फक्त पाण्याचा गारवा, बोटांच्या बेचक्या आणि श्वास. मन पाच नंबरकडे पळालं की परत नळाखाली आणायचं. यानं खोलवरचं दुखणं जात नाही, पण नाइट ड्युटीतही टिकतं ते एवढंच.

म्हणून माझं मत: हात धुणं आजपासून, कोर्स मॉर्निंग ड्युटीचं पोस्टिंग सलग मिळेल तेव्हा, विपश्यना शेवटच्या वर्षानंतर. दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील, तर मात्र यातलं काहीच आधी नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फिरवा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.