ब्लड, स्वेट अँड टिअर्सची एल.पी. : पहिली बाजू झकास, दुसरी अडकते

मी बँडवाला. वीस वर्षं वरातीत ट्रंपेट फुंकतोय. ब्लड, स्वेट अँड टिअर्स या अमेरिकन बँडची ही दुसरी एल.पी., म्हणजे मोठी तबकडी, पुण्यात जुन्या बाजारात साडेआठशेला घेतली. विकणारा म्हणाला, "दादा, एक चरा नाही." घरी लावली तर दुसऱ्या बाजूला 'ब्लूज पार्ट टू'मध्ये सुई रुतून बसते आणि तोच ठेका घोळवत राहते. परत गेलो तर म्हणे, तुमचीच सुई खराब!

तरी पैसे वसूल. सुरुवातीला बासरीवर एरिक सॅटी या फ्रेंच संगीतकाराची धून इतकी अलगद येते की मी आवाज वाढवायला उठलो, तेवढ्यात पितळी वाद्यांनी दणका दिला. 'स्पिनिंग व्हील'मध्ये गाणारा बाजूला होतो आणि ल्यू सोलॉफचा ट्रंपेट सुटतो. त्याच गाण्याच्या छोट्या तबकडीतून नेमका हाच तुकडा कापला होता. आमचंही तेच, जरा मनासारखं वाजायला लागलं की करवला येतो, "काका, नागीण घ्या."

नऊ जणांचा ताफा हा. 1967 मध्ये न्यूयॉर्कला अल कूपरने जमवला, आणि पहिली एल.पी. आल्यावर थोड्याच दिवसांत तोच बाहेर. मग कॅनडाचा डेव्हिड क्लेटन-थॉमस गायला आला. काय गळा आहे! आमच्या युफोनियमसारखा (ते जाड आवाजाचं पितळी वाद्य), माइकची गरजच नाही. या दुसऱ्या एल.पी.ला 1970 मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही बीटल्सच्या 'अ‍ॅबी रोड'ला मागे टाकून.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकन सरकारची सुपारी घेऊन ते युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंडला गेले. व्हिएतनाम युद्धाचे दिवस; अमेरिकेतली युद्धविरोधी तरुण पोरं म्हणाली, हे तर सरकारी बाजेवाले. वर लास वेगासच्या कॅसिनोत वाजवलं. 1972 पर्यंत क्लेटन-थॉमस गेला, सॅक्सोफोनवाला फ्रेड लिप्सियस गेला, कीबोर्डवाला डिक हॅलिगनही गेला. नाव पुढे चालू राहिलं, आत माणसं बदलत राहिली. पाटी तीच, पोरं दर सीझनला नवी. आम्हाला त्यात नवल नाही.

घेणार असाल तर दोन्ही बाजू तिथेच पूर्ण वाजवून घ्या, लाजू नका. आणि दुसरी बाजू धड असलेली प्रत कुणाकडे असेल तर कळवा. हजारापर्यंत जाईन.