लाल पाणी वर चढलं, रेडॉन मात्र तिथेच

आमचं घर पेनसिल्वेनियात, लीहाय व्हॅलीत. २०२१ साली घेतलं तेव्हा बाजार इतका तापला होता की इन्स्पेक्शनचा हट्ट धरणाऱ्याला घर मिळायचंच नाही. आम्हीही तो सोडून दिला, आणि त्यातच रेडॉन या किरणोत्सारी वायूची टेस्ट राहून गेली. बेसमेंट मात्र हौसेने करून घेतलं. एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईबाबांची खोली.

या भागात रेडॉन ही काही ऐकीव भीती नाही. १९८४ साली इथून गाडीने पाऊण तासावर राहणारा स्टॅन्ली वॉट्रस नावाचा एक इंजिनिअर लिमरिकच्या अणुवीज केंद्रात कामावर गेला की किरणोत्साराचा अलार्म वाजायचा. बाहेर पडताना नव्हे, आत शिरताना! शोध घेतला तर किरणोत्सार त्याच्या घरातच होता, हवेच्या लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (हे किरणोत्साराचं माप). अमेरिकन सरकार आकडा ४ किंवा त्याच्या वर गेला की उपाय करा म्हणतं, आणि पेनसिल्वेनियातली साधारण ४० टक्के घरं त्या रेषेच्या वर आहेत. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा वायू. ना वास, ना रंग. फरशीच्या भेगांतून घरात येतो, आणि सिगारेटच्या खालोखाल फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण ठरतो.

हे सगळं मला ज्याने फसवलं त्या रेडॉनवाल्यानेच सांगितलं, आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणून तर फसले.

एका जत्रेत त्याचा स्टॉल होता, 'फुकट रेडॉन टेस्ट'. मार्च २०२३ मध्ये घरी येऊन त्याने दोन दिवस यंत्र ठेवलं. आकडा आला ११.२. आईबाबांची तिकिटं मे महिन्याची. बाबांनी सिगारेट सोडून वीस वर्षं झाली असली, तरी त्याआधी तीस वर्षं ओढलेली. मी हे बोलून गेले आणि त्याने ते नेमकं पकडलं. "रेडॉन काढायची सिस्टिम आज ठरवलीत तर १,८५० डॉलर, पुढच्या आठवड्यात २,४००." वर ४०० डॉलरचा 'रेडॉन शोषणारा' एअर प्युरिफायर. नवरा म्हणाला, अजून दोघांकडून कोटेशन घेऊ. मी म्हटलं, जिवापेक्षा पैसा जास्त आहे का?

काम चालतं ते असं. बेसमेंटच्या काँक्रीटला आरपार भोक पाडायचं, खालची माती-खडी उपसून खड्डा करायचा, त्यात पाइप सोडायचा आणि वर पंखा बसवून जमिनीतली हवा छपराच्या वर फेकायची. घरात शिरण्याआधीच वायू बाहेर काढायचा. पाइपवर इंग्रजी यू आकाराची एक नळी असते, लाल पाण्याची. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीत असेल तर पंखा ओढत नाहीये असं समजायचं.

त्याला तारीख मिळता मिळता मे उजाडला. आईबाबा येऊन चार दिवस झाले होते. तो एकटाच आला आणि दीड तासात आटोपून गेला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, खुर्ची टाकून सगळं बघत बसले होते. तो गेल्यावर म्हणाले, "अगं, भोक पाडलं म्हणतो, मग राडारोडा कुठाय?"

"बाबा, इथली पद्धत वेगळी असते," मी म्हटलं. हे वाक्य मला अजून छळतं.

लाल पाणी जवळजवळ दोन इंच वर चढलं होतं. "जितकं वर, तितकं चांगलं," असं तो सांगून गेला होता. नंतरची टेस्टही त्यानेच केली. "घर नेहमीसारखं वापरा," म्हणाला. मे महिना, बेसमेंटची खिडकी दिवसभर उघडी. खरं तर टेस्टच्या बारा तास आधीपासून ती संपेपर्यंत दारं-खिडक्या बंद ठेवायच्या असतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, त्याला असणारच. रिपोर्टवर एकच आकडा, १.६. त्याचं यंत्र तासातासाच्या नोंदी ठेवतं, पण त्या मी मागितल्याच नाहीत. मैत्रिणींना पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते मी.

आईबाबा ऑक्टोबरपर्यंत त्याच खोलीत झोपले.

जानेवारीत एका मैत्रिणीने तिचा रेडॉन मोजणारा छोटा मॉनिटर आठवडाभर वापरायला दिला. आकडा ९.८. वाटलं, बिघडला असेल. जागा बदलली तर १०.४. त्याला फोन केला. "लाल पाणी वर आहे ना? मग सिस्टिम चालू आहे." दुसऱ्यांदा केला तेव्हा उचललाच नाही.

मग राज्याच्या पर्यावरण खात्याची यादी उघडली. पेनसिल्वेनियात पैसे घेऊन रेडॉनची टेस्ट किंवा दुरुस्ती करायची तर या खात्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि नावं कुणालाही बघता येतात. त्याचं नाव नव्हतं. मला दाखवलेलं कार्ड कुठल्याशा कोर्सला हजेरी लावल्याचं निघालं. पाच मिनिटांचं काम होतं, मार्चमध्येच करता आलं असतं.

यादीतल्याच एकाला बोलावलं. त्याने नळीकडे पाहिलं आणि हसला नाही. पाइप फरशीजवळ कापला. आत टॉर्च मारला तर तळाशी गुळगुळीत काँक्रीट आणि थोडी पांढरी पूड. पहिल्याने जेमतेम दोन इंच खोदून त्यात पाइप उभा केला होता आणि भोवती सिलिकॉन भरलं होतं. फरशीच्या आरपार तो गेलाच नव्हता. पंखा आठ महिने बंद डबा ओढत होता, म्हणूनच पाणी इतकं वर. शहाळ्यात स्ट्रॉ मलईला चिकटली की कितीही ओढा, गाल आत जातात आणि पाणी काही येत नाही. तसंच. पाण्याचा फरक शून्य असला तर वाईटच, पण अवाच्या सवा असला तरी शंका घ्यायची, हे त्या दिवशी कळलं.

प्युरिफायरबद्दल विचारलं तर म्हणाला, धूळ गाळेल, वायू कसा गाळेल? आता तो देवघरात उदबत्तीचा धूर खात बसतो.

नवीन भोकातून पाच गॅलनच्या दोन बादल्या भरून खडी-माती निघाली. आता नळीत फरक पाऊण इंचाचा. या माणसाने आपण होऊन सांगितलं, "नंतरची टेस्ट माझ्याकडून करू नका." पंखा सुरू होऊन एक दिवस उलटला की महिन्याच्या आत दुसऱ्याच कुणाकडून करायची. आम्ही टेस्टसाठी घरात ठेवलेला कोळशाचा डबा लॅबला पाठवला: १.४. या कामाचे १,६०० वेगळे. पहिल्याची तक्रार पर्यावरण खात्याकडे केली आहे. पैसे परत येतील अशी आशा धरलेली नाही.

डॉक्टर म्हणाले, धोका वर्षानुवर्षं साठत जातो, सहा महिन्यांसाठी झोप उडवून घेऊ नका. पटतं. रात्री पटत नाही.

काम चालू असताना बाबांना व्हिडिओ कॉल लावला होता. सिस्टिम, पंखा, पाइप सगळं दाखवत होते, त्यांचं लक्षच नव्हतं.

"राडारोडा?"

मी कॅमेरा बादल्यांकडे वळवला.