चार्जरची पेटी: एक गळीत हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर जी संगणक प्रणाली चालते, तिची देखभाल हे माझं काम. भरलेली ट्रॉली काट्यावर आली, वजन झालं, रिकामी होऊन पुन्हा आली, पावती निघाली, हे हंगामात दिवसरात्र चालू असतं आणि ते मध्येच अडलं की फोन मला येतो. त्यामुळे दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटले की मार्च-एप्रिलपर्यंत मी घरी कमी आणि एसटीत जास्त. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, मधूनच लातूर. पाठीवर एकच सॅक. तिच्यात लॅपटॉप, चार्जर, दोन जोड कपडे आणि डबा.

चार वर्षांत माझे तीन चार्जर गेले. तिसरा गेला तो पंढरपूरच्या बाजूला एका कारखान्यावर, रात्री सव्वादोनला. काट्याचं यंत्र वजन दाखवत होतं, पण ते संगणकात येत नव्हतं. बाहेर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी ११ टक्क्यांवर होती. चार्जर लावला, तर वायर एका ठरावीक कोनात धरली की दिवा लागायचा आणि हात सोडला की विझायचा. शेवटी काट्यावरचा क्लार्क माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि वीस मिनिटं ती वायर चिमटीत धरून राहिला, तेव्हा काम झालं. थंडीत खोळंबलेले ड्रायव्हर मला एक शब्द बोलले नाहीत. त्याचं मला जास्त वाईट वाटलं. एका वायरीपायी इतक्या माणसांची रात्र गेली होती.

तो चार्जर मी फेकला नाही. पुण्याला आलो की तापकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्याकडे जातो, त्याच्याकडे नेला. त्याने ठोकळ्यातून वायर जिथे बाहेर पडते, तिथलं काळं आवरण ब्लेडने उभं चिरलं आणि माझ्यासमोर धरलं. आत तांब्याच्या केसासारख्या बारीक तारांची जाळी असते. तिच्यातल्या निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या होत्या, उरलेल्या काळ्या पडल्या होत्या. दोन इंच पुढे तीच तार नव्यासारखी चकचकीत. “वायर इथंच जाते सर, मुळाशी. ठोकळ्याला काही होत नाही,” तो म्हणाला. मग विचारलं, “गुंडाळता कसे?” मी करून दाखवलं. ठोकळ्याभोवती घट्ट वेढे, शेवटी पिन त्याच वेढ्यात खोचायची. “मग दुसरं काय होणार?”

हे मला आधी कोणी दाखवायला हवं होतं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो. माझा चार्जर ६५ वॅटचा आहे, म्हणजे लॅपटॉपकडे १९.५ व्होल्टवर सव्वातीन अँपिअरपेक्षा थोडा जास्त प्रवाह जातो. तो वाहून न्यायला मधोमध एक तारांचा जुडगा आणि त्याभोवती दुसरी विणलेली जाळी, एवढंच असतं. मुळाशी रोज काटकोनात वाकवली की एकेक तार थकून तुटते. जितक्या तुटतात तितका भार उरलेल्यांवर येतो, ती जागा तापायला लागते, वरचं प्लास्टिक मऊ होतं आणि मग ती जागा आणखी सहज वाकते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. म्हणून चार्जर ‘अचानक’ गेला असं आपण म्हणतो. खरं तर तो महिनोन्महिने जात असतो.

पेटीचा अनुभव आता. मागच्या दसऱ्याच्या आधी मी चार्जरसाठी वेगळी पेटी घ्यायची ठरवलं. बाजारात हेडफोनच्या डब्यासारख्या, दाबल्या तर किंचित दबणाऱ्या, चेन लावलेल्या कडक पेट्या मिळतात. पहिली घेतली ती छोटी, कारण सॅकमध्ये जागा कमी लागेल असं वाटलं. तीच चूक. त्या पेटीत चार्जर बसवायचा तर वायर ठोकळ्याभोवती आवळल्याशिवाय चेनच लागत नव्हती. म्हणजे जे टाळायला पेटी घेतली, तेच ती रोज करायला लावत होती. माझं स्पष्ट मत आहे की लहान पेटी घेण्यापेक्षा पेटी नसलेली बरी. आठवड्याभराने ती मुलीला कंपासपेटी म्हणून दिली आणि ३८० रुपयांची मोठी घेतली. आता जे लिहितोय ते या मोठ्या पेटीबद्दल.

हिच्यात मी ठोकळा एका बाजूला ठेवतो आणि वायर वेगळी, वेढे करून दुसऱ्या बाजूला. मुळाशी पहिली चार बोटं वायर सैल कमानीसारखी सोडायची, तिथे काहीही वाकवायचं नाही. पुढे तळहाताएवढे वेढे. हे वेढे घालायची पद्धत मी गावच्या यात्रेत मंडपवाल्याच्या पोराकडून शिकलो. माइकची लांबलचक वायर ते एक वेढा सरळ, एक उलटा असे गुंडाळतात. त्यामुळे वायरला पीळ बसत नाही आणि उलगडताना गाठ पडत नाही. चार्जरच्या वायरलाही हेच लागू पडतं. सुरुवातीला हात अडखळला, आता बोलता बोलता होतं. वर वेल्क्रोची पट्टी, तीही सैल. भिंतीकडची तीन पिनांची वायर ठोकळ्यातून काढून वेगळी ठेवायची. ती तशीच लावून ठेवली की सॅकमध्ये तिच्या सांध्यावर सगळा जोर येतो.

दहा महिने झाले. दर रविवारी मी मुळाशी बोट फिरवून बघतो. कुठे मऊपणा नाही, चीर नाही, कोनात धरावं लागत नाही. याच लॅपटॉपचा आधीचा चार्जर आठव्या महिन्यात कुरकुरायला लागला होता, आणि या वेळी प्रवास त्याहून जास्त झालाय.

पिनेचं रक्षण मात्र ही पेटी करत नाही, ते मला वेगळं करावं लागलं. माझ्या लॅपटॉपची पिन गोल आहे आणि तिच्या पोकळीत मधोमध एक सुई आहे. मला वाटायचं, वीज त्या सुईतून जाते. तसं नाही. हा चार्जर कोणता, किती वॅटचा, ही ओळख त्या सुईतून लॅपटॉपला मिळते. ती वाकली की लॅपटॉप चालू राहतो, पण चार्जर ओळखता येत नाही असा संदेश पडद्यावर येतो आणि बॅटरी चार्ज होत नाही. माझा दुसरा चार्जर असाच गेला होता. सॅकमधल्या किल्ल्यांच्या जुडग्यातली एक किल्ली पिनेत घुसली होती. आता मी पिनेवर गवंड्याच्या लेव्हल पाइपचा दीड इंचाचा तुकडा बसवतो. हार्डवेअरच्या दुकानात फूटभर पाइप चिल्लर पैशांत मिळतो, पारदर्शक असतो आणि माझ्या पिनेवर अगदी बेताचा बसतो. एवढ्या तुकड्याने जो निर्धास्तपणा आला, तो पेटीइतकाच मोलाचा आहे. आमच्यातल्या एकाचा लॅपटॉप टाइप-सी वर चालतो. त्याची वायर दोन्ही बाजूंनी निघते, त्यामुळे ती गेली तर फक्त वायर बदलायची, अख्खा चार्जर नाही. नवा लॅपटॉप घेणाऱ्या फिरत्या माणसाने हे जरूर बघावं. फक्त बदलीची वायर घेताना ती किती वॅटची आहे ते विचारा, कारण ६० वॅटच्या पुढे वायरीतच चिप लागते. ती नसेल तर चार्जर कितीही मोठा असला तरी वीज तेवढीच मिळणार.

कारखान्यावर आणखी एक शत्रू आहे, बगॅस, म्हणजे उसाचा रस काढल्यावर उरलेला चोथा. गाळप चालू असताना भुसा हवेत तरंगत असतो, टेबलावर, कीबोर्डवर, सॅकच्या तळाशी. मळीचा चिकट हात त्यात भर घालतो. पूर्वी चार्जर सॅकच्या तळाशी पडलेला असायचा आणि पिन लॅपटॉपमध्ये घालताना आत भुसा जायचा. पेटी आल्यापासून ते बंद झालं. त्या बाबतीत तिला पैकीच्या पैकी गुण.

आता ती कुठे कमी पडली, तेही सांगतो. सहाव्या महिन्यात चेनचा रनर ढिला झाला. चेन ओढली की मागे दात उघडेच राहायचे. आतला जाळीचा खिसा त्याआधीच फाटला होता. आणि पाणी. विकणाऱ्याने “पाणी जात नाही” असं सांगितलं होतं, ते खरं नाही. पेटीच्या कवचातून जात नाही, चेनीतून आरामात जातं. जूनमध्ये देखभालीच्या कामाला गगनबावड्याकडे निघालो होतो. एसटीची खिडकी लागत नव्हती, सॅक मांडीवर घेतली तरी वरून भिजली. उतरल्यावर पेटी उघडली, तर ठोकळ्यावर पाण्याचे थेंब. मोह झाला तरी तो लावला नाही. पुसून दीड दिवस पंख्याखाली ठेवला आणि तोवर दुसऱ्याच्या चार्जरवर काम भागवलं. आतमध्ये ओल असताना २३० व्होल्ट दिले असते, तर चौथा चार्जर तिथेच गेला असता. तेव्हापासून पावसाळ्यात आधी प्लॅस्टिकची दाब-पट्टीची पिशवी आणि ती पेटीत, असं करतो. पण गरम चार्जर लगेच त्या पिशवीत घालायचा नाही. दहा मिनिटं थंड होऊ द्यायचा.

उष्णतेचं तर पेटीला वावडंच आहे. सोलापूरला एका कारखान्यावर गेस्ट हाउसमध्ये सोबतच्या मुलाने “दादा, वायर बाहेर काढली की झालं ना, ठोकळा राहू दे पेटीत” म्हणून तसाच चार्जर लावला. अर्ध्या तासाने मी हात लावला तर चटका बसला. ही पेटी आतून फोमची आहे, तिच्यातून उष्णता बाहेर पडायला वाट नाही. चार्जरच्या आत जे कपॅसिटर असतात, त्यांचं आयुष्य १० अंश तापमान वाढलं की साधारण निम्मं होतं. गादीवर, उशीखाली, बगॅसच्या ढिगाऱ्याजवळ चार्जर ठेवणाऱ्यांना मी आता हात जोडून थांबवतो. बगॅस हे इंधनच आहे, बॉयलरमध्ये तेच जाळतात.

रेल्वेत पेटीचा वेगळाच उपयोग झाला. डब्यातला पॉइंट उंचावर असतो आणि आपण ठोकळा वायरीला लटकता सोडतो. पाव किलोच्या आसपासचं ते वजन, वर गाडीचे हिसके, आणि सगळा ताण पुन्हा त्याच मुळावर. आता मी पेटी पूर्ण उघडून वरच्या छोट्या टेबलावर किंवा सॅकवर ठेवतो आणि ठोकळा तिच्या झाकणात मोकळा बसवतो, हवा लागेल असा. डब्यांतल्या कित्येक पॉइंटांवर ११० व्होल्ट लिहिलेलं असतं. त्याला घाबरायचं कारण नाही, चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं. घाबरायचं ते ढिल्या पॉइंटला. पिन हलली की ठिणगी पडते. त्यामुळे एसटी स्टँडवरच्या ढिल्या पॉइंटवर मी चार्जर लावणं सोडलं, मोबाइलसुद्धा लावत नाही.

पेटी घ्यायच्या आधी मी चार्जर वाचवायचे जे उपाय केले, त्यातले दोन फसले. बॉलपेनची स्प्रिंग मुळाशी गुंडाळायची, हा उपाय सगळे सांगतात. माझ्याकडे स्प्रिंगच्या टोकानेच आवरण कापलं. इन्सुलेशन टेप सोलापूरच्या उन्हाळ्यात वितळून चिकट झाली आणि तिच्यावर सगळा भुसा बसला. गरम केली की आवळणारी स्लीव्ह चांगली, पण चीर पडण्याआधी लावली तरच. तांबं दिसायला लागलं की वायर बदलूनच घ्या. आणि भिंतीकडच्या वायरीला चीर गेली तर जोडाजोडीच्या भानगडीत पडूच नका. तिथे २३० व्होल्ट आहेत आणि नवी वायर दीडशे-दोनशेला मिळते. नवी घेतल्यावर तिची मधली जाड पिनही कोणी कापू देऊ नका. दोन पिनांच्या जुन्या बोर्डात बसावी म्हणून कापतात. मग अर्थिंग तुटतं आणि धातूच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात.

नवा चार्जर घ्यायची वेळ आलीच, तर त्यावर आय एस १३२५२ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघून घ्या. मी एकदा निम्म्या किमतीचा घेतला होता, तो हातात घेतल्यावरच हलका लागत होता. लॅपटॉप चालू असताना बॅटरी वाढायची नाही.

रनर मी मंडईजवळच्या बॅग दुरुस्तीवाल्याकडून ४० रुपयांत बदलून घेतला, पितळी बसवला. फाटलेला खिसा कापून टाकला आणि तिथे वेल्क्रोची एक आडवी पट्टी शिवून घेतली, म्हणजे ठोकळा आत सरकत नाही. हंगामाला आता फार दिवस नाहीत, हीच पेटी नेणार आहे.

परवा त्या पंढरपूरकडच्या कारखान्यावरून फोन आला. त्या रात्री वायर धरून बसलेला तोच क्लार्क होता. त्याने पोरीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतलाय, ती पंढरपूरहून सोलापूरला एसटीने जा-ये करणार आहे. “साहेब, ती तुमची पेटी किती बाय कितीची, तेवढं सांगा.” मी पट्टी घेऊन मोजली आणि त्याला सांगितली: २४ सेंटिमीटर लांब, १४ रुंद, ८ उंच. लेव्हल पाइपचा तुकडा मीच कापून पाठवतोय.