स्थान सिद्धांतांचा मराठी ऑनलाइन कोर्स: थ्युनेन-वेबर एक नंबर, शहरांच्या लेक्चरला मात्र हात दाखवून अवलक्षण

पाचपैकी साडेतीन. अर्ध्या स्टारचं बटणच नाहीये म्हणून तीन दाबलेत, उरलेला अर्धा तुम्ही मनात धरा.

ज्यांचा भूगोल ऑप्शनल आहे किंवा जे नेट-सेटला बसणारेत त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय, कारण मी घ्यायच्या आधी रिव्ह्यू शोधले तर सगळीकडे "नाइस कोर्स सर" आणि हात जोडलेले इमोजी, त्यातून काय डोंबल कळणार. कोर्सचा विषय म्हणजे शेती, कारखाने, दुकानं, वस्त्या शहराभोवती कुठे बसतात आणि तिथेच का बसतात हे सांगणारे सगळे जुने सिद्धांत, वॉन थ्युनेनपासून हॅरिस-उलमनपर्यंत. आणि सगळं मराठीत, हा मोठा प्लस. हिंदीत ढिगाने व्हिडिओ पडलेत पण मराठीत एकतर बारावीच्या लेव्हलचं मिळतं नाहीतर कुणीतरी पीडीएफ उघडून वाचून दाखवत असतं.

गंमत अशी आहे की जिथे सर आकडे घेऊन बसलेत तिथे लेक्चर भारी झालंय आणि जिथे नुसती आकृती काढून पुढे सटकलेत तिथे शुद्ध घोकंपट्टी. दोन वेगळ्या माणसांनी कोर्स बनवलाय की काय असं वाटतं इतका फरक.

आधी चांगलं सांगते. थ्युनेनचं लेक्चर, खरंच, यासाठी पैसे दिले तरी चालतील. सुरुवातच आकृतीने नाही केली. हा माणूस मुळात जमीनदार, 1810 ला उत्तर जर्मनीत मेक्लेनबुर्गमध्ये टेलो नावाची इस्टेट घेतली आणि वर्षानुवर्षं तिचे बारीकसारीक हिशोब लिहीत बसला, किती बी गेलं, किती मजुरी गेली, गाडी शहरात न्यायला किती पडले. वाटेत गाडीचे घोडे जो दाणा खातात तोसुद्धा वाहतुकीच्या खर्चात धरायचा. त्या वह्यांतून 1826 ला पुस्तक आलं आणि त्यातली ती वलयं, म्हणजे शहरापासून किती अंतरावर कसली शेती हे दाखवणारी वर्तुळं. (याच्या थडग्यावर मजुरीचं सूत्र कोरलंय म्हणे सरांनी सांगितलं, मी शोधलं तर खरंच कोरलंय. आपल्याकडे चार ओळींचा श्लोक कोरतात, याने वर्गमूळ कोरून घेतलं.)

मग सरांनी बोर्डावर दोन पिकं घेतली. आकडे काल्पनिक आहेत हे ते स्वतःच सांगतात. टोमॅटो, एकरी 10 टन, बाजारात टनाला 12,000, पिकवायचा खर्च टनाला 7,000. म्हणजे बाजाराला खेटून शेत असेल तर एकरी 50,000 हातात. वाहतूक टनाला दर किलोमीटर 100 रुपये, माल 10 टन, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला एकरी 1,000 गळणार. 50 किलोमीटरवर शून्य. दुसरं पीक ज्वारी, एकरी 1 टन, भाव 30,000, खर्च 15,000, बाजाराशेजारी एकरी फक्त 15,000 सुटतात पण किलोमीटरला 100 रुपयेच कमी होतात त्यामुळे ज्वारी थेट 150 किलोमीटरपर्यंत तग धरते.

आता प्रश्न: टोमॅटो कुठपर्यंत लावायचा? वर्गातले सगळे 50 म्हणाले (लाइव्ह बॅचचं रेकॉर्डिंग आहे, आवाज ऐकू येतात). सर म्हणाले, चूक. दोन्ही रेषा 39 किलोमीटरच्या आसपास एकमेकींना छेदतात. 39 ते 50 च्या पट्ट्यात टोमॅटो तोट्यात नाहीये, पैसे सुटतायत, पण त्याच जमिनीत ज्वारी त्याच्यापेक्षा जास्त देते म्हणून तिथे ज्वारी. वलयाची सीमा नफा संपतो तिथे पडत नाही, दुसरं कुणीतरी त्या जमिनीला जास्त पैसे देऊ शकतं तिथे पडते. इतकी वर्षं ती वर्तुळं काढतोय आपण, पहिल्यात दूध-भाजी, दुसऱ्यात जंगल, मग तीन प्रकारची धान्यशेती, शेवटी गुरं, पण रेषा तिथेच का हे मला कुणी असं दाखवलं नव्हतं. पुढे वाहतूक 100 ची 50 केली तर सगळी अंतरं बरोब्बर दुप्पट, हेही लगेच करून दाखवलं.

दुसऱ्या वलयात जंगल का, यावरही मस्त बोलले. जळाऊ लाकूड जड, रोज लागणारं आणि शहरात प्रत्येक चुलीला हवं, मग ते लांबून आणणं परवडायचंच नाही. कोळसा आला, रेल्वे आली, पुढे रॉकेल आणि गॅस आला आणि ते वलय गायब. दुधाचंही तेच, पाश्चरायझेशन आणि रेल्वे मिळाल्यावर 1945 पासून बॉम्बे मिल्क स्कीमचं दूध आणंदहून मुंबईला यायला लागलं, चारशेच्या वर किलोमीटर. थ्युनेनने हे ऐकलं असतं तर वह्या बाहेर काढून बसला असता परत.

एक खटकलं. सगळा हिशोब भाव ठरलेला धरून चाललाय. आमच्या घरी नारायणगावकडे टोमॅटो असतो, तिथे अंतर तेच, रस्ता तोच, आणि भाव मात्र एका हंगामात क्रेटला हसवतो, दुसऱ्या हंगामात रडवतो. काकांनी पीक ठरवताना पुणे किती लांब हे कधी मोजलेलं मी पाहिलं नाही, गेल्या वर्षी शेजाऱ्याला काय भाव मिळाला ते मोजतात. या मर्यादेवर पाच मिनिटं तरी द्यायला हवी होती, परीक्षेत "टीकात्मक परीक्षण करा" असाच प्रश्न येतो ना. सरांनी "सपाट मैदान, एकच शहर, एकच वाहन" एवढी गृहीतकं वाचून विषय संपवला. बरं, नदी आली की वलयं नदीच्या दिशेने लांबट होतात हे थ्युनेनने स्वतःच लिहिलंय, तेही निसटलं.

वेबरचं लेक्चरही जमलंय. अल्फ्रेड वेबर, 1909, तो समाजशास्त्रवाला मॅक्स वेबर याचा धाकटा भाऊ, कारखाना कुठे बसेल हे सांगणारा. कच्च्या मालाचं वजन भागिले पक्क्या मालाचं वजन हा निर्देशांक, तो एकाहून बरंच जास्त आलं की कारखाना मालाकडे, कमी आलं की बाजाराकडे. उदाहरण साखर कारखान्याचं, आणि तेही नीट सोडवून. एक टन उसातून साधारण 110 किलो साखर, म्हणजे निर्देशांक नऊच्या आसपास, कोण वेडा नऊ टन ऊस मुंबईला नेऊन तिथे एक टन साखर काढेल? वर तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितकी साखर उतरते. म्हणून प्रवरानगरपासून सगळे कारखाने उसाच्या फडात. उलट कोल्ड्रिंकच्या बाटल्या, त्यात मुख्य माल पाणी आणि पाणी सगळीकडे मिळतं, मग शहराजवळ भरा. कापूस मधोमध, त्याचं वजन फारसं घटत नाही त्यामुळे गिरणी कापसाकडेही चालते आणि बंदराकडेही, म्हणून गिरणगावही झालं आणि सोलापूरही. जमशेदपूरला लोखंडाचं खनिज मयूरभंजकडून, कोळसा झरियाचा, पाणी सुवर्णरेखा आणि खरकईचं, हा त्रिकोण नकाशावर काढून दाखवला. ज्यांना आयसोडापेन (एकूण वाहतूक खर्च सारखा असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषा) डोक्यावरून जातात त्यांनी हे लेक्चर दोनदा बघा, मजुरी स्वस्त असेल तर कारखाना त्रिकोणातून किती लांब सरकेल ते कंटूरसारख्या रेषांवर बोट ठेवून समजावलंय.

इथपर्यंत पैसा वसूल. इथून पुढे गाडी घसरली.

ख्रिस्टालर, म्हणजे आसपासच्या लहान गावांना माल आणि सेवा पुरवणारी मोठी गावं कुठे बसतात हे सांगणारा. 1933, दक्षिण जर्मनी, षटकोन. सरांनी षटकोन काढला, "के बरोबर 3, 4, 7, बाजार, वाहतूक, प्रशासन, पाठ करून टाका" असं म्हणून पुढे. अहो पाठ कशाला, दोन ओळींचं गणित आहे! के म्हणजे एका मोठ्या गावाच्या वाट्याला, ते स्वतः धरून, किती गावं येतात तो आकडा. मोठ्या गावाभोवती सहा लहान गावं. पहिल्या प्रकारात प्रत्येक लहान गाव तीन मोठ्या गावांत वाटलं जातं, म्हणून स्वतःचं 1 अधिक सहाचा तिसरा हिस्सा 2, झाले 3. दुसऱ्यात लहान गाव दोन मोठ्यांच्या मधल्या रस्त्यावर, अर्धं अर्धं, 1 अधिक 3, झाले 4. प्रशासनात गाव अर्धं या तालुक्यात अर्धं त्या तालुक्यात ठेवता येत नाही, सहाच्या सहा पूर्ण, म्हणून 7. संपलं. थ्युनेनला एवढा जीव तोडून शिकवणाऱ्या माणसाने इथे रट्टा मारायला सांगावं याचंच वाईट वाटलं.

आणि यात मराठी पोरांना लगेच पटेल असं उदाहरण आठवडे बाजाराचं. दुकान टिकायला किमान जितकं गिऱ्हाईक लागतं आणि लोक जितक्या लांबून यायला तयार असतात, यात पहिलं मोठं आणि दुसरं लहान असेल तर एका जागी बसून धंदा होत नाही. मग व्यापारीच फिरतो, सोमवारी या गावी, मंगळवारी त्या गावी. लसूण-मिरची, भांडी, तयार कपडे घेऊन टेम्पो फिरतात ते यासाठी. कोर्समध्ये याचं नावही नाही. ख्रिस्टालर पुढे नाझी राजवटीच्या नियोजन खात्यात गेला आणि व्यापलेल्या पोलंडमध्ये वस्त्या कशा बसवायच्या यावर काम केलं, हेही नाही. षटकोन कागदावर निरागस दिसतात म्हणून हे मुलांना कळायलाच हवं असं माझं मत.

शहरांचं लेक्चर सगळ्यात कच्चं. बर्जेस 1925, शिकागो, शहराच्या केंद्राभोवती वस्त्यांची पाच वलयं, मान्य. पण शिकागोची अर्धी वर्तुळं मिशिगन तलावात बुडालेली आहेत आणि 1890 ला जे शहर 11 लाखांचं होतं ते 1920 पर्यंत 27 लाखांचं झालं, बाहेरून येणारा माणूस आधी मधल्या पडक्या पट्ट्यात उतरायचा आणि पैसे आले की बाहेर सरकायचा, ही सगळी हलचाल त्या वलयांमागे आहे. ती न सांगता सर थेट "आपल्या मुंबईलाही हेच लागू" म्हणून मोकळे. कसं लागू? बर्जेसमध्ये श्रीमंत शहराच्या कडेला राहतो, इथे मलबार हिल फोर्टपासून हाकेच्या अंतरावर. शहराचं केंद्र दक्षिण टोकाला, तीन बाजूंनी पाणी, वाढायला एकच दिशा, उत्तर, आणि तीही दोन रेल्वे लाइनींना धरून. हे दिसायला हॉइटच्या पाचरींसारखं (केंद्रापासून रस्ते-रेल्वेच्या कडेने बाहेर पसरणारे पट्टे) जास्त आहे, आणि बीकेसी, अंधेरी, नवी मुंबई धरली तर हॅरिस-उलमनच्या 1945 च्या बहुकेंद्राकडे, म्हणजे एका शहरात अनेक केंद्रं या मांडणीकडे जातं. हॉइटने 1939 ला 142 अमेरिकन शहरांची घरभाडी तपासून पाचरींचं मॉडेल मांडलं, तेवढं मात्र सरांनी नीट सांगितलंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अलोन्सो गाळला. 1964 चा अलोन्सो म्हणजे तोच टोमॅटो-ज्वारीचा हिशोब शहरात आणलेला, पिकांच्या जागी दुकान, ऑफिस, कारखाना, घर, प्रत्येकाची भाडं द्यायची ऐपत केंद्रापासून लांब जाताना वेगवेगळ्या वेगाने उतरते आणि जो जास्त बोली लावतो तो बसतो. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेचे टॉवर का आले याचं अर्धं उत्तर यात आहे (उरलेलं अर्धं 1982 च्या संपात आणि त्यानंतरच्या जमिनीच्या नियमांत). सरांनी पहिल्या लेक्चरमध्ये पाया इतका पक्का घातला होता की फक्त वीस मिनिटांत हे झालं असतं आणि बर्जेसची वलयंही आपोआप उलगडली असती. तो पायाच वापरला नाही.

टेस्ट सिरीजबद्दल सावध राहा. एका प्रश्नाच्या उत्तरतालिकेत वजन घटणारा माल म्हणजे बाजाराकडे ओढ असं छापलंय, लेक्चरच्या बरोब्बर उलट. मी मेल केला, "टीमकडे पाठवलं आहे" असं उत्तर आलं आणि मी हे लिहीपर्यंत तालिका तीच आहे. लेक्चर ऐकून टेस्ट सोडवा, तालिकेवर विश्वास ठेवून लेक्चर बदलून लिहू नका.

शेवटी बोनस म्हणून हॉटेलिंगचं छोटं लेक्चर आहे, 1929 चं, एका सरळ रस्त्यावर दोन विक्रेते गिऱ्हाईक ओढायच्या नादात सरकत सरकत मध्यभागी एकमेकांना चिकटून का उभे राहतात ते. हे छान आहे, मेडिकलची दुकानं शेजारी शेजारी का असतात ते पोरांकडूनच काढून घेतलंय. कुणीतरी विचारलं की तिसरा विक्रेता आला तर? त्यावर सर "चांगला प्रश्न, घरी विचार करा" म्हणाले. मधला चेंगरतो आणि उडी मारून कडेला जातो, मग जो नवा मधला झाला तोही तेच करतो, त्यामुळे कुणीच एका जागी टिकत नाही, एवढं सांगायला काय हरकत होती.

नोट्सची पीडीएफ मोबाइलवर उघडलीत तर जोडाक्षरं फुटतात, लॅपटॉपवर ठीक दिसते. डाउनलोड फक्त ॲपमध्येच राहतं आणि व्हॅलिडिटी संपली की जातं, त्यामुळे थ्युनेन आणि वेबरची गणितं वहीत उतरवून घ्या. पूर्ण किमतीला घेऊ नका, सणासुदीला सूट असते तेव्हा घ्या, आणि पहिली दोन मॉड्यूल सुटी मिळत असतील तर तेवढीच घ्या.