कॉलेज रोडवरची डेमो रूम: धमाके नकोत, व्हायोलिन लावायला सांगा

होम थिएटर बघायला नाशिककर आधी एम. जी. रोड गाठतात, पण तिथल्या गोंगाटात सबवूफरच्या (खालचे, जाड आवाज देणाऱ्या पेटीच्या) धडधडीपलीकडे काही कळत नाही. कॉलेज रोडवरच्या या दुकानात वेगळी, बंद डेमो रूम आहे. खाली गालिचा, मागे जाड पडदे, पाच स्पीकर आणि एक सबवूफर. एवढ्यासाठीच तिथे जावं.

सेल्समन पहिल्यांदा गाड्या उडवणारा सीन लावतो. तो बंद करायला सांगा. दोघं हळू बोलताहेत आणि मागे व्हायोलिन चालू आहे असा प्रसंग मागा. ५.१ मिक्समध्ये (पाच स्पीकर, एक सबवूफर यांसाठी वाटून दिलेल्या आवाजात) संवाद जवळजवळ सगळे मधल्या सेंटर स्पीकरला असतात, संगीत डाव्या-उजव्याला पसरलेलं, त्याचा हलका निनाद मागच्या दोन स्पीकरमध्ये. त्यामुळे वाद्यं शब्दांच्या अंगावर येत नाहीत. टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरमध्ये हे सगळं एकत्र कोंबलं जातं. मग संवादासाठी आवाज वाढवा, गाणं आलं की कमी करा. रिमोट हातातून सुटतच नाही.

इथे व्हायोलिन छान पसरलं, संवाद मात्र डब्यातून आल्यासारखे. कारण साधं: सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, आत ढकललेला, तोंड गुडघ्यांकडे. कडेपर्यंत ओढून, पुढच्या बाजूखाली रबराची पाचर सरकवून तोंड कानाकडे केलं की आवाज मोकळा होतो. सांगितल्यावर दुकानातल्या मुलांनी कुरकुर न करता केलं, त्याचे गुण द्यायलाच हवेत.

छोट्या सॅटेलाइट स्पीकरचं पॅकेज मात्र घेऊ नका. ते ८० हर्ट्झच्या खालच्या सुरापर्यंत उतरत नाहीत, म्हणून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) १२०-१५० वर ठेवावा लागतो, आणि चेलो किंवा तबल्याचा डग्गा टीव्हीच्या पडद्याऐवजी कोपऱ्यातल्या सबवूफरमधून वाजतोय हे सरळ कळतं. त्यापेक्षा मोठे बुकशेल्फ स्पीकर लावा, क्रॉसओव्हर ८० ठेवा: फरक तिथल्या तिथे ऐकता येतो.

मागचे स्पीकर इथे पाठीमागच्या भिंतीवर, छताला लागून आहेत. चूक. बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे, समोरच्या टीव्हीपासून मोजलं तर साधारण ११० अंशांवर आणि कानाच्या जरा वर हवेत. नाहीतर कोरस आला की माणूस मान वळवून बघतो, आणि सिनेमा तिथेच सुटतो.

चाचणीला 'सैराट' (२०१६) उत्तम. अजय-अतुल यांनी त्यासाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. तारवाद्यांचे थर वेगवेगळे ऐकू येतात की नुसता गोळा होतो, ते पाहा. मग शेवट लावा. तिथे आवाज पूर्ण काढून घेतलाय, आणि नेमका तेव्हा डेमो रूमचा एसी घरघरतो. पाच मिनिटं बंद करायला लावा, मे महिना असला तरी. घरच्या पंख्यालाही हाच नियम.

या खोलीतला आवाज घरी तसाच मिळेल असं समजू नका. पाथर्डी फाट्याकडच्या नव्या फ्लॅटचा हॉल म्हणजे गुळगुळीत फरशी आणि बाल्कनीला काचेचं स्लायडिंग, सगळं घुमतं. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये गालिचा, काचेवर जाड पडदा. एवढं आधी करा, महागडा स्पीकर नंतर.

फिटिंग सेवा ठीकठाक. वायर बारीक देतात, १६ गेजची तांब्याची मागून घ्या. लाल-काळं टोक एका स्पीकरला उलटं लागलं तर बास पातळ होतो आणि गाणं पोकळ वाटतं, म्हणून दोन्ही टोकं स्वतः बघा. माणूस जाण्याआधी टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'पीसीएम' हा पर्याय निवडलेला आहे का तपासा. असेल तर एआरसी केबलमधून (टीव्हीचा आवाज स्पीकर चालवणाऱ्या रिसिव्हरकडे नेणारी एचडीएमआय केबल) फक्त दोन स्पीकरचा स्टिरिओ जातो आणि ५.१ चे पैसे वाया. त्याऐवजी 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' निवडा, म्हणजे ५.१ आवाज जसाच्या तसा पुढे जातो. रिसिव्हरचा नाइट मोड डेमोत बंदच हवा. तो हळू-मोठ्यातला फरक दाबून संगीताचा चढ सपाट करतो. रात्री अकरानंतर, शेजाऱ्यांसाठी, खुशाल चालू करा.